वरिजिनल, डुप्लिकेट आणि स्मगलिंगचं

गेल्या उन्हाळ्यात शहाद्याला नात्यातलं एक लग्न होतं. तिथे भाच्याच्या मनगटावर रोलेक्स दिसलं. हिरवी डायल, जाडजूड चेन, उन्हात डोळ्यांवर येणारी चमक. भाचा सुरतेला कापडाच्या दुकानात नोकरीला आहे, त्यामुळे रोलेक्सचा आणि त्याच्या पगाराचा काही मेळ बसेना. कोणी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "फर्स्ट कॉपी आहे मामा. पंधराशेला पडली." मंडपातली निम्मी मंडळी हसली, दोघातिघांनी दुकानाचा पत्ता मागून घेतला. अमेरिकेहून आलेली माझी मावसबहीण मात्र गंभीर झाली. म्हणाली, "ही चोरी आहे. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" मग पंगत बसेपर्यंत वाद. भाच्याचं म्हणणं, मी कोणाला फसवलं? बहिणीचं म्हणणं, कंपनीचं नाव चोरलं त्याचं काय?

त्या वादाचा निकाल लावायला मी हे लिहीत नाही. पण तेव्हापासून आमच्या घरातली आणि गावातली जुनी घड्याळं डोक्यात टिकटिक करतायत. आमच्याकडे खरं घड्याळ कशाला म्हणत आणि खोटं कशाला, हे आठवत गेलो तर प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं निघालं.

अगदी आधीच्या काळी गावात घड्याळ म्हणजे स्टेशनचं. सुरतेहून येणारी लाईन ताप्ती व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास टाकली आणि नंदुरबारला मिनिटांचा हिशोब आला. मजा अशी की त्या काळात खरी वेळ कोणती हाच वाद होता. सरकारने १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ धरली, पण मुंबई आपली जुनी वेळ सोडेना. मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागे, आणि ती तशीच १९५५ पर्यंत चालली. म्हणजे मुंबईहून कोणी पाहुणा आला तर त्याचं घड्याळ अगदी अस्सल स्विस असूनही चूकच असायची शक्यता. असो.

आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे वेस्ट एंड वॉच कंपनीचं मनगटी घड्याळ होतं, धुळ्याला कोणाकडून तरी जुनं घेतलेलं. या कंपनीचा आपल्याकडचा कारभार १८८६ पासून मुंबईतून चाले, माल सगळा स्वित्झर्लंडचा. त्यांचं 'सोवार' हे मॉडेल पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या आपल्या शिपायांच्या मनगटावर होतं. त्याच्याही आधी, १८६५ मध्ये, फावर ल्युबा ही दुसरी स्विस कंपनी मुंबईत आली होती. ही नावं आमच्या भागात लोक अगदी घरातल्यासारखी घेत. आजोबांचं घड्याळ वर्षातून एकदा तरी सोनाराकडे गहाण पडायचं, बी-बियाण्याच्या दिवसांत. दिवाळीपर्यंत सुटून यायचं.

हे गहाण पडणं महत्त्वाचं आहे बरं का. आमच्या जिल्ह्यात खऱ्या-खोट्याची ती फार जुनी कसोटी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल-पावरा बायकांच्या अंगावरची चांदी बघा. ती दागिना असते, तशीच ती शिल्लकही असते. अडीनडीला सोनाराकडे ठेवायची, हंगामाला सोडवायची. आता बाजारात पांढऱ्या धातूचे हुबेहूब तसेच दागिने मिळतात आणि काठीच्या होळीला ते घालून कोणी आलं तर कोणी नाक मुरडत नाही. घालणारीही सांगते, बघणारीलाही कळतं. नाचायला हे, अडचणीला ते. शहरातल्या बायका रेल्वेत एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र घालतात, त्यातला हिशोबही हाच. म्हणजे नकली वस्तू अंगावर घालणं हे आमच्याकडे पाप कधीच नव्हतं. ती गहाण ठेवायला घेऊन गेलात, तर पाप.

स्वातंत्र्यानंतर गंमत झाली. परकीय चलन वाचवायला सरकारने आयातीवर कडक बंधनं घातली, जकात जबरदस्त बसवली. परदेशी घड्याळ सरळ मार्गाने मिळणं मुश्किल झालं. पण हौस थोडीच कमी होते? गोवा आणि दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे होते. तिथल्या बाजारात परदेशी माल भरलेला, आणि तो सरहद्दीवरून गुपचूप इकडे यायचा. पुढे पोर्तुगीज गेले तरी दमणचा किनारा आणि मुंबईचा किनारा या धंद्यात राहिलेच. सोनं आणि घड्याळं हे चोरट्या मालातले दोन मोठे जिन्नस. घड्याळ छोटं, हलकं आणि महाग, लपवायला सोपं. हाजी मस्तान, दमणचा सुकर नारायण बखिया ही नावं तेव्हा पेपरात सारखी यायची.

यातून मराठी माणसाच्या बोलण्यात एक चमत्कार घडला. 'स्मगलिंगचं' हा शब्द कौतुकाचा झाला! "कुठून आणलं?" "स्मगलिंगचं आहे" असं म्हणताना माणसाची छाती फुगायची. म्हणजे ते अस्सल. पावती नाही, जकात भरलेली नाही, कायद्याने ते घड्याळ जप्त व्हावं, आणि तरी तेच 'खरं'. चांगले सोवळ्यातले, टिळा लावून पूजा करणारे लोक हे बोलत. माझ्या मावसबहिणीचे वडील सुद्धा. (ताई, तू हे वाचशीलच. काकांचं रोमर आठवतं ना?) कायद्याचं आणि खरेपणाचं नातं आमच्या मागच्या पिढीने कधी जोडलेलंच नव्हतं.

आणि जिथे चोरटा माल खपतो तिथे त्याची नक्कल खपायला कितीसा वेळ लागणार? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाना, मनीष मार्केट ही 'फॉरेन' वस्तूंची ठिकाणं. उल्हासनगरात बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर आमच्या नंदुरबारलाही माहीत होता. विकणाऱ्याची युक्ती साधी होती. इकडेतिकडे बघत हळूच म्हणायचं, "साहेब, स्मगलिंगचं आहे, कोणाला बोलू नका." झालं. आता गिऱ्हाईक पावती मागत नाही, डब्बा मागत नाही, भर रस्त्यात घड्याळ उघडून बघत नाही. आणि फसल्यावर तक्रारीलाही जाणार नाही. कुठल्या तोंडाने जाईल?

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९७४ मध्ये माझ्या धाकट्या आत्याचं लग्न झालं, मी तेव्हा सातवीत होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्या काळात नवरदेवाला घड्याळ, अंगठी, सायकल हे ठरलेलं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होता, पण बैठकीत त्याची आठवण काढणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मुलाकडच्यांनी 'फॉरेनचं' घड्याळ मागितलं. एचएमटी चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

बरं, एचएमटी काही वाईट नव्हतं. बंगलोरला सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने सरकारी कारखाना निघाला, १९६१ मध्ये पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. जनता, सुजाता, पायलट, कांचन अशी छान नावं. पण एचएमटी म्हणजे कारकुनाचं, मास्तरचं. जावयाला स्विसच हवं. आजोबांनी सुरतेच्या एका ओळखीच्या माणसाला सांगितलं आणि साडेतीनशे रुपयांत स्मगलिंगचं घड्याळ आलं. आजोबांच्या पेन्शनचे दोन-अडीच महिने. डायलवर एका मोठ्या स्विस कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरात सतरा ज्वेल. आम्ही पोरांनी ते रात्री अंधारात नेऊन काटे चमकतात का ते पाहिलं होतं. चमकायचे.

आठ महिन्यांनी ते बंद पडलं. आत्याच्या सासरच्यांनी घड्याळजीकडे नेलं, त्याने मागचं झाकण काढलं. आत कुठेही कंपनीचं नाव नव्हतं. सतराच्या जागी एकच ज्वेल, अगदी स्वस्तातलं मशीन. नाव काय ते फक्त डायलवर छापलेलं.

आजोबांनी पुन्हा पैसे जमवून एचएमटी घेऊन पाठवलं. ते त्यांनी ठेवूनही घेतलं. पण घरात एक वाक्य कायमचं बसलं, "डुप्लिकेट घड्याळवाल्यांची पोरगी." भाजीत मीठ कमी पडलं तरी ते वाक्य. पहिली मुलगी झाली तेव्हाही तेच. वीस-बावीस वर्षं आत्याने ते ऐकलं. आजोबा त्या सुरतेच्या माणसाकडे एकदा गेले होते. तो म्हणाला, मास्तर, मलाही पुढून असंच आलं, आणि पोलिसांत जायचं तर आधी तुम्हालाच विचारतील की स्मगलिंगचा माल घेतला कसा. आजोबा परत आले. नंतर त्यांनी स्वतःचं वेस्ट एंड मनगटावर घालणंच सोडलं, खिशात ठेवायचे.

मला यात आजही एक गोष्ट खुपते. त्या घरात कोणाला घड्याळ मागणं गैर वाटलं नाही. खरं स्विस आलं असतं तर ते चोरट्या मार्गानेच आलं असतं, त्याचंही कोणाला काही नव्हतं. सगळी नीतिमत्ता त्या एका छापील नावावर येऊन अडकली, आणि शिक्षा झाली ती या व्यवहारात ज्या एकटीने काहीच मागितलं किंवा विकलं नव्हतं तिला.

त्याच १९७४ मध्ये स्मगलरांची मोठी धरपकड झाली. हाजी मस्तान पकडला गेला, वर्षअखेरीला कोफेपोसा कायदा आला. पण चोरट्या घड्याळांचा तोरा खरा उतरवला तो कायद्याने नाही, टायटनने. टाटा आणि तमिळनाडू सरकार यांची ही कंपनी १९८४ ला निघाली, १९८७ पासून दुकानांत घड्याळं आली. सेलवर चालणारी, देखणी, आणि टीव्हीवर मोझार्टच्या सुरावटीची जाहिरात. लग्नात टायटन देणं इभ्रतीचं झालं. पावती, डब्बा, गॅरंटी कार्ड सगळं सरळ. मला वाटतं जावयांच्या इतिहासात ही मोठीच क्रांती होती :) सारंगखेड्याच्या यात्रेत तोवर हाँगकाँग-तैवानची आकड्यांची घड्याळं ढिगाने विकायला आली होती. ती खोटी कोणीच म्हणत नव्हतं, कारण त्यांच्यावर कोणाचं नावच नव्हतं.

याच सेलच्या घड्याळाने तिकडे स्विस लोकांना मात्र रडवलं होतं. सैकोने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास घड्याळाच्या धंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती, पंधरा वर्षांत ती ३०,००० च्या आसपास आली. यातून जे तगले ते वेळ विकणं सोडून मान विकू लागले. कारण वेळ शंभर रुपयांच्या घड्याळातही तितकीच बरोबर, खरं तर चावीच्या महागड्या घड्याळापेक्षा जास्तच बरोबर. मग लाखो रुपये कशाचे? डायलवरच्या नावाचे. आणि जिथे सगळी किंमत नावात, तिथे नक्कल करणाऱ्याचं काम किती सोपं झालं बघा. नाव तर छापायचंय!

मावसबहिणीला मी एक गोष्ट सांगितली, तिला ती आवडली नाही. हे स्विस लोक एकेकाळी स्वतःच पट्टीचे नकलाकार होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनच्या घड्याळांना मान होता, तेव्हा युरोपातून इंग्रज कारागिरांची खोटी नावं कोरलेली घड्याळं निघत, त्यात स्विस माल भरपूर. पुढे अमेरिकेच्या वॉल्थमचं नाव झालं तसे त्या नावाशी मिळतीजुळती नावं घातलेली स्विस घड्याळं अमेरिकेत खपू लागली. १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात स्विस मंडळींनी अमेरिकन कारखाने पाहिले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले आणि ते आपला माल सुधारायच्या मागे लागले. स्वित्झर्लंडचा ट्रेडमार्कचा कायदा १८७९ चा. म्हणजे नाव जपावंसं वाटायला आधी नाव कमवावं लागतं. आज सगळं जग ज्यांची नक्कल करतं तेही नक्कल करतच शिकले. याचा अर्थ नक्कल बरोबर असा नाही. पण फार सोवळं दाखवू नये इतकंच.

आपल्याकडचा कायदा सांगायचा तर १९९९ चा ट्रेडमार्क कायदा २००३ मध्ये लागू झाला. खोटं नाव लावणारा आणि तसा माल विकणारा किंवा विकायला ठेवणारा, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हौसेने मनगटावर घालणाऱ्याला त्यात गुन्हा नाही. फ्रान्समध्ये नकली वस्तू जवळ बाळगणाराही पकडला जातो. भाच्याला मी म्हटलं, सुरत-नंदुरबार कर, पॅरिसला जाऊ नको. मुंबईत हाजी अलीजवळच्या हिरा पन्नाचं नाव तर अमेरिकन सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या २०२१ च्या यादीत आलं होतं. तिथे घड्याळंही भरपूर.

बहिणीने आणखी एक शास्त्र काढलं. २०१० मध्ये काही संशोधकांनी प्रयोग करून म्हटलं होतं की नकली गॉगल घातलेली माणसं चाचणीत जास्त लबाडी करतात. असेलही. पण त्याच संशोधकांपैकी काहींचा प्रामाणिकपणावरचाच एक वेगळा पेपर आतली आकडेवारी बनावट आढळल्यामुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, हे कळल्यापासून मी अशा प्रयोगांकडे जरा लांबूनच बघतो.

माझं मत विचाराल तर भाचा मंडपात "फर्स्ट कॉपी आहे" म्हणाला तिथे त्याने आम्हाला तरी फसवलेलं नाही. कंपनीचं नाव कोणीतरी चोरलं हे खरं, आणि ते विकणाऱ्यावर खटला झाला तर मला वाईट वाटणार नाही. पण माझी शंका दुसरी आहे. उद्या याच्यासाठी स्थळ बघायला बसलो, समोरच्या बापाची नजर त्या हिरव्या डायलवर गेली, तर तिथेही हा आपणहून "पंधराशेची" म्हणेल? की गप्प बसेल? घड्याळ तेच, मनगट तेच. मी त्याला हे विचारलं. तो हसला आणि उत्तर दिलं नाही.

आता एक शेवटचं. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या परदेशी लोकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. तो कौतुकाचा नाही. आपल्याकडून नेटवर विकली जाणारी जुनी फावर ल्युबा, वेस्ट एंड, सैको, एचएमटी घड्याळं, ज्यांची डायल नव्याने रंगवलेली असते, भाग इकडचे तिकडचे जोडलेले असतात, आणि वर्णनात मात्र 'ओरिजिनल' लिहिलेलं असतं, त्यांना ते हे नाव देतात. मला आधी राग आला. मग आठवलं की डायल रंगवणं हे आमच्या बाजारात साधं काम होतं. पावसाळ्यात डायलवर डाग पडले, अक्षरं उडाली, तर गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, नवी करून द्या. ज्याला घड्याळ रोज वापरायचंय त्याला डागाळलेली डायल काय कामाची? त्यात लबाडी नव्हतीच. तेच घड्याळ पन्नास वर्षांनी शौकिनाला 'जसंच्या तसं' म्हणून विकलं की ती लबाडी.

एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये घेतला आणि तेव्हापासून ज्या घड्याळाला जावई नाक मुरडत त्याच्याही नकला निघू लागल्या. मागच्या महिन्यात नंदुरबारला एका घड्याळजीकडे कांचन पाहिलं. अगदी कोरं दिसत होतं. मी किंमत विचारली. त्याने आधी झाकण काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक सुईने कोरलेल्या तारखा होत्या, प्रत्येक दुरुस्तीची एक, वेगवेगळ्या हातांची अक्षरं. सगळ्यात जुनी १९८१ ची. मग म्हणाला, "डायल नवं शे, मशीन जुनं शे," आणि त्यानंतर किंमत सांगितली.